झाडणे आणि झाडती : कार्यालयातील धुळीचा इतिहास

मराठीने 'झाडणे' या एका क्रियापदापासून दोन अगदी निराळ्या वाटणाऱ्या कामांना शब्द दिले आहेत. जमीन झाडणे हे एक काम. हिशेबाचा 'झाडा' देणे, कारखान्याची वा दफ्तराची 'झाडती' घेणे हे दुसरे. पहिल्या कामाला केरसुणी लागते, दुसऱ्याला लेखणी. जुन्या मराठी कागदपत्रांत 'झाडती' हा शब्द तपासणी आणि तपशीलवार यादी या अर्थाने येतो. आजच्या बोलण्यात तो एकटा क्वचितच ऐकू येतो. 'झाडाझडती' या जोडशब्दात मात्र तो तग धरून आहे. विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरच्या आपल्या कादंबरीला हेच नाव दिले आणि १९९२ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर तो शब्द पुन्हा एकदा साहित्याच्या अभ्यासकांच्या तोंडी आला.

भाषेने जोडून ठेवलेली ही दोन कामे आपल्या कार्यालयांनी मात्र एकमेकांपासून तोडली. झाडणारा वेगळा आणि झाडती घेणारा वेगळा, अशी वाटणी झाली. कार्यालयातली धूळ नेमकी या दोघांच्या हद्दीवर साचते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. धुळीचा प्रश्न केवळ आरोग्याचा वा टापटिपीचा असता, तर इतिहासाच्या वा साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. पण कोणत्या कागदावर धूळ बसू द्यायची, कोणता कागद धुळीबरोबर बाहेर टाकायचा आणि हे कोणी ठरवायचे, या तीन प्रश्नांवर आपल्या इतिहासाची साधने टिकली आहेत किंवा नष्ट झाली आहेत.

हा विचार सावर्ड्यासारख्या गावाच्या संदर्भात करणे विशेष उपयोगाचे ठरेल. सावर्डे हे रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, कोकण रेल्वेचे स्थानक येथे आहे आणि सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांमुळे शिक्षणाचे गाव म्हणून त्याची ओळख झाली आहे. ग्रामपंचायत, तलाठी, शाळा, महाविद्यालय, बँक, पतपेढी अशी कागद सांभाळणारी ठिकाणे अशा गावात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. येथली जमीन जांभ्याची, म्हणून धूळही तांबडी. महामार्गाच्या चौपदरीकरणाची जी वर्षे गेली, त्या वर्षांत या पट्ट्यातल्या रस्त्यालगतच्या कोणत्याही कार्यालयात सकाळी पुसलेले टेबल दुपारी बोटाने सही करण्याजोगे होत असे.

परंतु कोकणातील धुळीचा खरा स्वभाव उन्हाळ्यात कळत नाही. तो पावसाळ्यात कळतो. देशावर धूळ कोरडी राहते आणि झटकली की उडून जाते. कोकणात जूनपासून चार महिने हवा ओलसर असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. येथे पावसाळ्यात ती त्याहून बरीच वर असते. धुळीचा थर हा ओलावा धरून ठेवतो आणि बुरशीच्या बीजाणूंना आसरा देतो. म्हणजे मार्चमध्ये वहीवर बसलेली तांबडी धूळ जुलैमध्ये डाग होते आणि पुढच्या वर्षी त्या वहीची पाने एकमेकांना चिकटतात. मग कसर आणि वाळवी उरलेले काम पुरे करतात. कोकणातल्या कार्यालयात धूळ झटकणे हे म्हणूनच पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीइतकेच निकडीचे काम आहे. घर शाकारण्याची वेळ चुकली तर घर गळते हे सर्वांना कळते. दफ्तर झाडण्याची वेळ चुकली तर काय गळते, हे वीस-तीस वर्षांनी एखादा दाखला शोधायला गेल्यावर कळते.

'दफ्तर' हा शब्दच या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो फारसी-अरबीतून मराठीत आला आणि त्याचे मूळ 'डिफ्थेरा' या ग्रीक शब्दात, म्हणजे कमावलेल्या कातड्यात आहे. कातड्यावर लिहिले जाई म्हणून लिहिलेली वही ती दफ्तर. वह्या जेथे ठेवायच्या ती जागाही दफ्तर. आणि शेवटी शाळेतले पोर जे पाठीवर घेऊन जाते तेही दप्तर. याच ग्रीक शब्दावरून युरोपीय वैद्यकाने घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला 'डिप्थेरिया' हे नाव दिले. आपण त्याला घटसर्प म्हणतो. कार्यालय आणि श्वास कोंडणारा रोग यांचे शब्दमूळ एकच असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. ब्रिटिश इतिहासकार कॅरोलिन स्टीडमन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डस्ट' या पुस्तकात अभिलेखागारातल्या धुळीचा विचार केला आहे. फ्रेंच इतिहासकार मिशले जुन्या कागदांची धूळ श्वासाबरोबर आत घेण्याविषयी लिहितो. ते केवळ अलंकारिक म्हणून सोडून न देता, चामड्याच्या बांधणीतून आणि कागदातून संशोधकाच्या छातीत प्रत्यक्ष काय जात असेल, असा प्रश्न त्या विचारतात. आपल्याकडे दफ्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या कारकुनांच्या, दफ्तऱ्यांच्या आणि संशोधकांच्या खोकल्याचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही.

कागदाला धुळीपासून जपण्याची जाणीव आपल्या परंपरेत नव्हती असे मात्र नाही. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. आपण तो वळणदार अक्षराच्या उपदेशासाठी शिकवतो. पण अक्षर, शाई, कागद एवढ्यावर समर्थ थांबत नाहीत. पोथी झाकण्यासाठी बासने, शेंदरी रंगाची मेणकापडे, कुलपाच्या पेट्या ही सारी सामग्री ते सांगतात. मेणकापड ओल अडवते, बासन धूळ अडवते, पेटी उंदीर अडवते आणि कुलूप माणूस अडवते. लेखन हे लिहून पुरे होत नाही, ते जपल्यावर पुरे होते, हा विचार येथे स्पष्ट आहे. जुन्या घरांतून पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे वा कडुलिंबाचा पाला ठेवण्याची रीत होती, तीही याच जाणिवेतली.

अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' हा दुसरा दाखला. गडाविषयीच्या प्रकरणात गडावरच्या वाटा, बाजार, तट येथे केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, अशा आशयाची आज्ञा आहे. आज ओल्या-सुक्या कचऱ्याच्या व्याख्यानात शोभेल असा हा विचार राज्यकारभाराच्या ग्रंथात येतो, याचा अर्थ झाडलोट हा कारभाराचाच भाग मानला जात होता. तरीही त्यात एक गोष्ट गृहीत आहे. आज्ञा देणारा आणि झाडणारा एक नाही. आज्ञेत केर दिसतो, झाडणारा हात दिसत नाही.

हीच विभागणी पेशवाईतल्या कचेरीच्या रचनेत पक्की झालेली दिसते. जुनी कचेरी म्हणजे टेबल-खुर्च्यांची खोली नव्हे. शेणाने सारवलेली वा फरसबंदी जमीन, तीवर बिछायत, लोड-तक्के, बसून लिहिण्याची उतरती मेजे आणि भिंतीतल्या फडताळांत कापडात बांधलेले कागद. सारवण हे स्वतःच धूळ बसवण्याचे तंत्र होते. बिछायत झटकणे, अंथरणे, दिवे लावणे आणि झाडलोट ही कामे फरासाची. पुण्यातल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात तो फरास अजून जिवंत आहे. त्या बिछायतीवर बसून लिहिणारे फडणीस, चिटणीस, मुजुमदार आणि त्यांचे कारकून निराळे. फरासाने बिछायत झटकायची, कागदाला हात लावायचा नाही. कारकुनाने कागद हाताळायचा, झाडूला हात लावायचा नाही. गंमत अशी की कचेरीतल्या धुळीचा काही भाग खुद्द लेखनातूनच येत असे. टीपकागद येण्यापूर्वी ओली शाई सुकवण्यासाठी लिहिलेल्या मजकुरावर बारीक वाळू टाकण्याची पद्धत होती. जुना मोडी कागद उलगडताना त्यातून ती वाळू अजूनही कधीकधी सांडते. लिहिणाऱ्याने टाकलेली वाळू झाडायची मात्र फरासाने.

या व्यवस्थेत कागदाचे रक्षण 'रुमाल' करीत असे. चौकोनी कापडात कागदांचे गठ्ठे घालून चारी टोके घट्ट बांधायची, की आत धूळ जात नाही. आजच्या उघड्या फायलीपेक्षा धुळीच्या दृष्टीने हा रुमाल अधिक शहाणा होता. पण गाठ मारलेला रुमाल उघडण्याचा अधिकार मोजक्यांनाच असे आणि न उघडलेल्या रुमालात काय आहे, हे बांधणाऱ्याच्या पिढीबरोबर विसरले जाई.

१८१८ साली पेशवाई संपल्यावर या रुमालांचे काय झाले, हा आपल्या इतिहासलेखनातला एक मोठा अध्याय आहे. इंग्रजांनी पेशवे दफ्तर जपले, पण ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कोणाची जमीन इनाम, कोणाचा दावा खरा, हे ठरवण्यासाठी त्यांना ते हवे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर या कागदांवर हजारो कुटुंबांचे भवितव्य टांगले गेले. पुण्यातल्या त्या दफ्तराला 'एलिएनेशन ऑफिस' हे नाव पडले तेही जमिनीवरूनच. 'एलिएनेटेड' म्हणजे सरकारने सारा सोडून दिलेली जमीन. तीस हजारांहून अधिक रुमालांचा हा संग्रह दीर्घ काळ भारतीय संशोधकांना मोकळा नव्हता. १९२९ साली गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपवण्यात आले आणि पुढच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. या कामाचे वर्णन आपण 'संशोधन' या भारदस्त शब्दाने करतो. प्रत्यक्षात त्याचा आरंभ रुमालाची गाठ सोडणे, कागद झटकणे, उलगडणे, वाचणे आणि वेगळा काढणे, असाच झाला असणार. झाडणे आणि झाडती येथे काही काळापुरती पुन्हा एकत्र आली.

सरकारी कुलपाबाहेरच्या कागदांची अवस्था याहून बिकट होती. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे २२ खंडांपर्यंत ते काम नेले. ही साधने त्यांना माळ्यांवरून, अडगळीच्या खोल्यांतून, जुन्या वाड्यांच्या फडताळांतून मिळवावी लागली. ज्या घरांत माळा कधीच झाडला गेला नाही, तेथे वाळवीने काम केले. ज्या घरांत तो फार उत्साहाने झाडला गेला, तेथले कागद बंबात किंवा वाण्याच्या पुड्यांत गेले. अस्वच्छता आणि आंधळी स्वच्छता या दोघींचा परिणाम एकच, हा धडा आपल्या इतिहासलेखनाच्या आरंभकाळाने दिलेला आहे. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे या धड्यावरचे संस्थात्मक उत्तर होते.

आता कचेरीतून गावात येऊ. देशावरच्या गावात कार्यालय म्हणजे चावडी आणि दफ्तर म्हणजे कुलकर्ण्याच्या घरातली वही. चावडी झाडणे, सरकारी कागद आणि दफ्तर एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून नेणे ही कामे महार वतनाकडे होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाड्या'त महारांकडून अपेक्षित असलेल्या कामांची जी लांबलचक मालिका येते, ती वाचताना एक विसंगती जाणवते. ज्याच्या डोक्यावरून गावाचा सगळा लेखी कारभार वाहून नेला जाई, त्याला त्या लेखातले अक्षर वाचण्याची सोय समाजाने ठेवली नव्हती. तो दफ्तराच्या सर्वांत जवळ होता आणि त्यातल्या मजकुरापासून सर्वांत दूर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते या जोखडाविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

कोकणात परिस्थिती आणखी निराळी होती. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत. सारा गोळा करणारा खोत आणि गावाचे दफ्तर बहुधा त्याच्याच घरात, ओटीवरच्या पेटीत नाहीतर माळ्यावर. कुळाने किती धान दिले, कोणत्या जमिनीवर कोणाचे नाव, हे सारे एका खाजगी घराच्या झाडलोटीवर अवलंबून होते. १९३७ साली आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायद्याने खोती संपुष्टात आली ती १९४९ च्या अधिनियमाने. त्यानंतर गावचा कारभार तलाठ्याच्या सरकारी दफ्तरात आला. पण त्याआधीचे कितीतरी कागद ज्या माळ्यांवर होते, तेथेच राहिले. चाकरमानी मुंबईला गेले, घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडू लागली आणि माळे झाडायला घरात माणूस उरले नाही. कोकणाच्या सामाजिक इतिहासाची साधने कमी का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या बंद माळ्यांवर आहे.

झाडणारा आणि वाचणारा यांच्यातली ही रेघ पुसण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आणि त्यातला एक फार मोठा प्रयत्न रत्नागिरीशी जोडलेला आहे. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम स्वतःला मिळावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, अशी तुरुंगाची भूमिका होती. अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपोषण आरंभले, तेव्हा हा प्रश्न देशाच्या चर्चेत आला. झाडू हातात घेण्यासाठी सुशिक्षित माणसाला उपोषण करावे लागले, यावरून ती रेघ केवळ रूढीत नव्हती, सरकारी नियमातही होती हे ध्यानात येते. दुसरे उदाहरण गाडगेबाबांचे. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी केराला आणि शब्दाला एकाच माणसाच्या ठायी आणले. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अनेक गावांचे रूप पालटले. तरी अशा अभियानांत गाव झाडले जाते. ग्रामपंचायतीचे कपाट बहुधा तसेच राहते. पाहणीला येणारी समिती रस्ता, गटार, शौचालय पाहते. कपाटाच्या वरच्या फळीवर बोट फिरवून पाहत नाही.

ते बोट फिरवणारा प्रयोग १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातील बसण्याची व्यवस्था, फायलींची मांडणी आणि अभिलेख कक्ष यांची आमूलाग्र पुनर्रचना केली. 'लखिना पॅटर्न' या नावाने ती महाराष्ट्राच्या प्रशासनात प्रसिद्ध झाली. तिचे मर्म असे, की कार्यालय स्वच्छ करणे म्हणजे आधी कागदांची वर्गवारी करणे. 'अ' वर्गातला कागद कायमचा, 'ब' वर्गातला ३० वर्षांचा, 'क' वर्गातला त्याहून कमी मुदतीचा आणि 'ड' वर्गातला वर्षभराने नष्ट करायचा. याच परंपरेत पुढे रुळलेल्या 'सहा गठ्ठे' पद्धतीत प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्यासमोरच्या कागदांचे सहा भाग करायचे असतात : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे आणि नष्ट करायचे. जो कागद यांपैकी कशातच बसत नाही तो टेबलावर पडून राहतो आणि त्यावर धूळ बसते. धूळ ही येथे निर्णय न झाल्याची खूण ठरते. पेशवाईतल्या 'झाडती'चाच हा आधुनिक अवतार आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांना आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने अभिलेखांच्या जतनाला कायद्याचे अधिष्ठान दिले. नागरिकाला कागद मागता येऊ लागला, म्हणजे धूळ झटकणे ही मेहेरबानी न राहता कर्तव्य झाले. परंतु शासनाच्या याच वर्णमालेत एक विचित्र जुळणी आहे. नष्ट करायच्या कागदाचा वर्ग 'ड', आणि शिपाई, सफाईगार यांची कर्मचारी-श्रेणीही 'गट ड'. झाडणारा माणूस आणि टाकून द्यायचा कागद यांना एकच अक्षर मिळावे, हे कोणी मुद्दाम केले नसेल. पण भाषेचा विद्यार्थी अशा जुळणीकडे दुर्लक्ष करू शकत नाही. आता तर अनेक ठिकाणी झाडलोटीचे काम ठेकेदाराकडे गेले आहे. जुन्या दफ्तऱ्याला निदान कोणत्या कपाटात काय आहे हे तीस वर्षांच्या सवयीने ठाऊक असे. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या कामगाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि ज्याला ठाऊक असायला हवे, तो कपाटाला हात लावत नाही.

याचे मोल किती, हे २०२३ साली सर्वांना दिसले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील, भूमी अभिलेख, नगरपालिका, शाळा अशा ठिकाणचे जुने कागद बाहेर निघाले. जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि शाळेचे जनरल रजिस्टर, ही तोवर कोणी ढुंकून न पाहिलेली पुस्तके एकाएकी अनमोल झाली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे : ज्या गावाचे रजिस्टर वाळवीने खाल्ले किंवा कोणा उत्साही अधिकाऱ्याने 'सफाई'त काढून टाकले, त्या गावच्या माणसाचा पुरावा संपला. इनाम कमिशनच्या काळात जे घडले, तेच पावणेदोनशे वर्षांनी नव्या रूपात समोर आले. कागद झोपलेला असतो, मेलेला नसतो.

साहित्याच्या शिक्षकांना हे सारे महसुली वाटेल. पण आपली महाविद्यालये हीदेखील दफ्तरेच आहेत. मूल्यांकन समिती येणार असे कळले की महिनाभर साफसफाई चालते. भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात आणि विभागाच्या कपाटातले जुने वार्षिकांक, वाङ्मय मंडळाची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांची हस्तलिखिते, स्पर्धांचे कागद रद्दीच्या टेम्पोत चढतात. अशा कितीतरी महाविद्यालयांतून पन्नास वर्षांचा वाङ्मयीन इतिहास असा एका आठवड्यात नाहीसा झालेला आहे. एखाद्या लेखकाची पहिली कविता महाविद्यालयाच्या अंकात आली होती असे आपण चरित्रात वाचतो. तो अंक पाहायला गेलो तर मिळत नाही. याला पूर वा आग कारण नसते. पुरापुढे माणसाचा इलाज नाही : चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ पासूनच्या त्या ग्रंथालयाची, २००५ आणि २०२१ च्या पुरांत मोठी हानी झाली आणि प्रत्येक वेळी माणसांनी गाळातून पुस्तके वेचून काढली. तेथे गाळ काढणारा प्रत्येक हात पुस्तकाला ओळखत होता. आपल्या सफाईत नेमके तेच नसते.

मग करावे काय? उत्तर अवघड नाही, फक्त ते दोन माणसांनी मिळून करण्याचे आहे. कोरडा झाडू धूळ उडवतो आणि ती वरच्या फळीवर नेऊन ठेवतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० च्या सुमारास परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात हेच बजावले होते, की नुसते झटकणे म्हणजे धुळीची जागा बदलणे; ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय ती जात नाही. कपाट आणि फळ्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवाव्यात. कागदाला मात्र पाणी लागू न देता मऊ ब्रशने, वरच्या फळीपासून खालच्या फळीकडे येत झटकावे. कोकणात याला दोन मुहूर्त आहेत : एक पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, दुसरा मे महिन्यात, मृगापूर्वी. दसऱ्याला आपण सरस्वतीचे पूजन करतो, लक्ष्मीपूजनाला वहीची आणि केरसुणीची पूजा करतो. वही आणि केरसुणी या दिवशी एकाच पाटावर येतात. झाडणाऱ्या हाताला आणि लिहिणाऱ्या हाताला मात्र आपण त्या दिवशीही एका पाटावर बसवत नाही.

ते बसवावे, एवढीच सूचना. कपाट झाडताना शिपाई आणि प्राध्यापक, सफाई कामगार आणि कारकून एकत्र असावेत. जे बाहेर निघेल त्याची यादी त्याच वेळी व्हावी. टाकायच्या कागदांच्या यादीवर दोघांचीही सही असावी. झाडणाऱ्याला, आपण काय झाडतो आहोत हे सांगितले गेले, तर त्याची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण ठरते. कारण रोज त्या कपाटापाशी तोच असतो. आणि अध्यापकाच्या हाताला धूळ लागली, तर साधनांविषयीच्या त्याच्या व्याख्यानात निदान एक वाक्य स्वतःचे येईल. आपल्या पूर्वजांनी झाडती असा शब्द केला, तो काही अलंकार म्हणून नव्हे. मोजायचे असेल तर आधी झाडावे लागते आणि झाडायचे असेल तर मोजता यावे लागते, हे त्यांना कामातून ठाऊक होते.